मामांचा बिनआवाजी फिल्टर

३ जून

ती. मामा,

नमस्कार, आणि हे पत्र कृपा करून बसून वाचा.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण फोनवर तुम्ही सारखं "पुटपुटू नकोस" म्हणता, आणि मी ओरडायला लागलो की माझ्या खुर्चीतला पेशंट तोंडातल्या कापसासकट उठून बसतो. म्हणून म्हटलं, कागदावर सांगावं.

दवाखाना तसा बरा चाललाय. उद्घाटनाला तुम्ही दिलेली माशांची टाकी बाहेरच्या खोलीत, बाकांच्या अगदी समोर ठेवली आहे. मासे मजेत आहेत. ती जाडी सोनेरी मासोळी तर येणाऱ्या प्रत्येकाकडे अशी बघते, की जणू फी तीच घेते. प्रश्न फक्त फिल्टरचा आहे. मामा, तो आवाज करतो.

हे लिहायला मी दहा वेळा पेन खाली ठेवलं, कारण फिल्टर तुम्ही स्वतःच्या हातांनी बनवलाय आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं ठळक अक्षरांत 'बिनआवाजी' लिहिलंय. बाकावरचे पेशंट ते वाचतात, मग आवाज ऐकतात, आणि माझ्या दवाखान्यात लिहिलेल्या बाकीच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास राहत नाही. त्यात माझी डिग्रीसुद्धा आली.

आवाज हुबेहूब दात कोरायच्या मशीनसारखा आहे. काल एक गृहस्थ दाढ धरून आले. थोडा वेळ बसले आणि माझ्या मदतनीस ताईंना म्हणाले, "आत कोणाचं चाललंय? फारच वेळ चाललंय." ताई म्हणाल्या, "आत कुणी नाही. डॉक्टर चहा पितायत." गृहस्थ उठले. आपलं दुखायचं थांबलं म्हणाले आणि निघून गेले. जाताना गाल धरलेलाच होता.

त्यात शेजारचे कानांचे डॉक्टर. दोन्ही खोल्या त्यांच्याच, मी त्यांचा भाडेकरू. त्यांनी बजावलंय की महिनाअखेर एकतर हा आवाज जाईल, नाहीतर मी जाईन. मामा, आत्ता कुठे लोक यायला लागलेत. ही जागा गेली तर मला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

दुकानात बारका, खरोखर शांत फिल्टर मिळतो. तुमची हरकत नसेल तर तो लावू का?

तुमचा,
टिल्लू


९ जून

चि. टिल्लू,

आशीर्वाद. पत्र उभ्यानं वाचलं. माझे पाय अजून धड आहेत.

'फिल्टर आवाज करतो' हे वाक्य मी परत परत वाचलं आणि मग तुझ्या मामीला वाचायला दिलं, म्हटलं माझा चष्मा तर चुकत नाही ना. ती वाचून बराच वेळ स्वतःचा चष्मा पुसत बसली. तिलाही धक्का बसलेला दिसला.

अरे, मी रिटायर झाल्यापासून ती टाकी आमच्या खोलीत, माझ्या उशाशी होती. हूं नाही की चूं नाही. मी तान्ह्या बाळासारखा झोपायचो. विचार मामीला.

आणि आवाज तू मला शिकवणार? पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसात माझी हयात गेली. घराएवढे पंप होते एकेक. चालू पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं आणि मूठ कानाला. कुठलं बेअरिंग जाणार ते मी आधी सांगायचो, आणि मग ते जायचं. साहेब लोक म्हणायचे, याच्या कानांचा विमा उतरवा.

तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नकोस. 'आवाज करतो' म्हणजे काय? घरघर करतो, गुरगुर करतो, खुडखुड करतो, की करकर करतो? घरघर म्हणजे हवा धरली. खुडखुड म्हणजे पंख्यात खडा. करकर म्हणजे तेल नाही. तुझ्याकडे माणूस दात दुखतो म्हणून आला तर कुठला दात, हे विचारतोस ना? की सगळेच काढतोस? नीट ऐक, नीट लिही, मी इथून औषध सांगतो.

दुकानातला फिल्टर म्हणशील, तर खुशाल आण. येताना एक मामाही घेऊन ये दुकानातून.

तुझा (सध्या तरी),
मामा

ता. क. टिल्लू, पत्र पेटीत टाकायला मी निघाले आहे, म्हणून यांना न दाखवता दोन ओळी. टाकीखाली जाड चादर चार पदरी घडी करून ठेव, आणि मोटरवर उशी टेकवून बघ. थोडा फरक पडतो. मला कसं माहीत ते विचारू नकोस. — मामी


१५ जून

ती. मामा,

तुमच्या आज्ञेप्रमाणे आवाज लिहून घ्यायला मी वही घेऊन टाकीसमोर बसलो.

माझ्या मते तो 'घुर्रर्र' असा आहे. ताईंच्या मते 'भ्रांऽऽ'. आमचा वाद चालला असताना बाकावरच्या एक बाई, ज्यांना बोलायला मी मनाई केली होती कारण त्यांच्या दातात ताजं सिमेंट होतं, त्या म्हणाल्या, "छे हो, 'झ्यांऽऽव' आहे. आणि शेवटी 'खट्'." मग सगळ्यांनीच ऐकलं. सिमेंट पुन्हा भरावं लागलं, पण 'झ्यांव' बहुमतानं मंजूर झालं. 'खट्'बद्दल तर दुमत नाहीच.

चादर घातली, उशीही टेकवली. (कुणीतरी सुचवलं होतं.) आता तोच आवाज उशीतून येतो, म्हणजे कुणीतरी कुणाचा तरी गळा दाबतंय आणि आतून दात कोरायचं मशीन चालू आहे, असं वाटतं. काल दोघं उठून गेले.

शेजारच्या कानवाल्यांचंही खरं आहे. त्यांच्याकडे एक बंद खोली आहे. तपासायच्या माणसाला तिथे बसवतात, कानांवर टोप्या चढवतात, बाहेरून बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बोट वर करायचं. आमची भिंत सामाईक. त्यामुळे हल्ली जो आत बसतो तो बोट वर करतो आणि खाली घेतच नाही. परवा एक नव्वदीचे आजोबा, ज्यांना घरचे खांदा हलवून जेवायला बोलावतात, तेही फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. मुलगा भांडायला आला. कानवाले आता माझ्याशी फक्त भिंतीवर ठोसे मारून बोलतात.

अर्धा महिना गेला, मामा. मी दमलो. फिल्टर बंद केला तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. पेशंटही तोंड उघडून असतात, तेवढं मला रोज पुरे होतं.

टिल्लू


१९ जून

चि. टिल्लू,

'झ्यांव' असा आवाज पंपात नसतो. मांजरात असतो. टाकीत मासे आहेत, म्हणजे दवाखान्यात मांजर शिरलंय, ही साधी गोष्ट तुझ्या आणि तुझ्या बहुमताच्या लक्षात येऊ नये? नाचता येईना अंगण वाकडं. 'खट्' म्हणजे ते मांजर कपाटावरून उतरतं.

उंटावरून शेळ्या हाकायचं पुरे झालं. मी शुक्रवारी येतोय. तोवर फिल्टरला हात लावायचा नाही. तुझ्या कानवाल्यांना मी बघतो. तेही बोलताना पुटपुटत असतील. हल्ली सगळं जगच पुटपुटतं. आमच्याकडे दूधवाला पुटपुटतो, टीव्हीतले लोक पुटपुटतात, मामीचं तर काही बोलायलाच नको.

मामा


२१ जून

चि. टिल्लू,

हे आत्ता गाडीत बसले. गाडी हलली तशी मी सरळ पोस्टात आले.

बाळा, तुझा फिल्टर पहिल्या दिवसापासून असाच आहे. मांजर नाही, खडा नाही, हवा नाही. यांनी तो पहिल्यांदा चालू केला तेव्हा मला वाटलं छपरावर काहीतरी उतरलं. मी दारापर्यंत पळाले. आणि हे कमरेवर हात ठेवून उभे, चेहरा असा फुललेला. म्हणाले, "ऐकलंस? काहीही नाही."

ते नुकतेच रिटायर झाले होते. खिडकीत बसून येणाजाणाऱ्याला गाडी कशी लावावी ते सांगायचे, कुणी ऐकायचं नाही, आणि मग जेवणावर वासना नाही. त्या फिल्टरवर आठवडाभर खपले होते. मी काय सांगणार? म्हटलं, "खरंच, काही नाही हो." एकदा म्हटलं ते म्हटलं. मग मी रोज कानांत कापूस घालून झोपायचे. वारा लागतो, असं सांगायचे. उन्हाळ्यातसुद्धा.

यांना ऐकू येत नाही, हे यांना सोडून सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या पंपांनी कान खाल्ले. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणतात, "काय म्हणालीस?" पुन्हा म्हटलं की म्हणतात, "पुटपुटू नकोस."

आता आणखी एक ऐक आणि मला माफ कर. दवाखान्याला टाकी भेट द्यायचं मीच सुचवलं. तुझ्यावर माया आहेच रे. पण मला झोपही यायला लागली होती.

फिल्टर खुशाल काढ. तुझी जागा जाता कामा नये. फक्त तो वाईट आहे, हे त्यांना तोंडावर सांगू नकोस. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच उरलंय.

मामी


२४ जून

सौ.स,

मी सुखरूप पोहोचलो आणि जिंकलो.

दवाखाना छान आहे. टिल्लू माझ्याशी ओठ फार फाकवून बोलतो, दातांच्या डॉक्टरांना ती खोड लागत असावी. टाकीपाशी दिवसभर बसलो. मासे खूश, पाणी आरशासारखं, आवाज शून्य. मांजर मात्र सापडलं नाही. पेशंट येतात, जरा वेळ बसतात, एकमेकांकडे बघतात आणि हात जोडून जातात. आजकालच्या लोकांना दात दाखवायचा धीर नाही, त्यात बिचाऱ्या फिल्टरचा काय दोष?

मग शेजारी गेलो. म्हटलं, मीच तो फिल्टर बनवणारा. कानवाले पुटपुटले. (मी म्हटलंच होतं.) मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, यंत्रानं मोजून दाखवा. तर ते माझ्याकडे जरा वेळ टक लावून बघत राहिले आणि मला हाताला धरून त्यांच्या बंद खोलीत घेऊन गेले. कानांवर टोप्या चढवल्या. आवाज आला तर बोट वर करा, अशी खूण केली. काचेपलीकडे बसून त्यांनी बटण फिरवलं. मी बोट तयार ठेवून बसलो. पहिल्या जाड आवाजाला ते एकदा वर केलं आणि खाली घेतलं, मग पुढे काही नाही. त्यांनी आणखी फिरवलं. काही नाही. मग त्यांचा मदतनीस आला, तोही वाकून बघायला लागला. बटण पार शेवटाला गेलं असावं, कारण काचेपलीकडच्या त्या मदतनिसानं स्वतःच्याच कानांवर हात ठेवले. माझं बोट जागचं हललं नाही.

भिंतीपलीकडे फिल्टर चालू होता, हे लक्षात घे. टिल्लू म्हणतो, त्या खोलीत बोट खाली ठेवणारा मी पहिलाच. खोट्याला खोटं म्हणायला एक प्रामाणिक माणूस लागतो.

त्यांनी कागदावर आलेख काढून दिलाय. रेघ सुरुवातीला जरा वर आहे आणि मग जिन्यावरून घरंगळल्यासारखी सरळ तळाला गेली आहे. मी त्यांना म्हटलं, बघा, तुमच्याच यंत्रानं आवाज तळाला गेल्याचं दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. हरलेला माणूस इतका सभ्य मी पाहिला नव्हता.

आलेख फ्रेम करून घेणार आहे. फिल्टरच्या वरच टांगू.

तुझाच


२६ जून

अहो,

पत्र मिळालं. अभिनंदन. आलेख जपून आणा, मला बघायचाच आहे.

फक्त मनात एक शंका आली. मला पंपांतलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं तुमच्याकडून ऐकून ऐकून कान किटले, म्हणून विचारते. तुम्ही कधी नुसत्या कानानं पंप पास केलाय का? आधी कानानं ऐकायचं आणि मग स्क्रूड्रायव्हर लावायचा, दोन्ही जुळलं तरच सही करायची, असं तुम्हीच सांगायचात. मग इथे एकाच तपासणीवर कसं भागलं? कानवाले उद्या म्हणतील, मामांनी नुसता कान लावला, हत्यार कुठे लावलं?

त्यांच्याकडे कानात बसवायचं बारीक यंत्र असतं म्हणे. बारीकात बारीक आवाज पकडतं. ते मागून घ्या, कानात घाला आणि सगळ्यांसमोर फिल्टर तपासा. मग कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

मी बरी आहे. झोप चांगली लागते.

तुमची


३० जून

ती. मामी,

घातलं. कानवाल्यांनी स्वतः बसवलं. मामा त्यांना वर सांगत होते की स्क्रूड्रायव्हरची मूठ याहून मोठी असते.

मग सगळे टाकीपाशी आले. कानवाले, त्यांचा मदतनीस, ताई, मी आणि बाकावर चार पेशंट. मामा म्हणाले, "हं, करा चालू." फिल्टर चालूच होता. कानवाल्यांनी मामांच्या कानामागचं बटण दाबलं.

मामांनी आधी छताकडे पाहिलं. मग खिडकीशी जाऊन रस्त्यावर पाहिलं. म्हणाले, "हा ट्रक कुणाचा आहे? इंजिन बंद करायला सांगा, मला इथे काम करायचंय." शेवटी त्या सिमेंटवाल्या बाईंनीच, आज दुसऱ्या दाताला सिमेंट असताना, माशांकडे बोट दाखवलं.

मामा वाकले. स्वतःच्या हातानं लिहिलेलं 'बिनआवाजी' त्यांनी वाचलं. कान टाकीजवळ नेला आणि झटक्यात मागे घेतला. मग म्हणाले, "झ्यांव. आणि शेवटी खट्." आणि स्वतःच प्लग उपटला.

मला वाटलं आता हे मोडणार. तुम्ही तेवढी एकच गोष्ट सांभाळायला सांगितली होती आणि तीच हातातून गेली. मी म्हटलं, "मामा, मोटर जुनी झाली असेल, आधी असा नसेल." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग विचारलं, "हा माझ्या उशाशी होता, तेव्हा ती कशी झोपायची?" मामी, दुसरं खोटं मला सुचेना. मी कापसाचं सांगितलं.

ते बाकावर पेशंटांच्या ओळीत बसून राहिले. ताईंनी तर नंबर आला म्हणून त्यांना आत पाठवायची तयारी केली होती.

मग उठले, स्वतः दुकानात गेले आणि नवा फिल्टर निवडून आणला. दुकानदाराकडचे सगळे फिल्टर चालू करून, एकेकाला कान लावून. कानवाल्यांनी भिंतीवर ठोसा मारला, पण हळू, शाबासकीचा. जागा माझ्याकडेच राहिली. दुपारी त्यांच्या खोलीत नव्वदीचे आजोबा परत येऊन नापास झाले आणि मुलानं पेढा मिळाल्यासारखे आभार मानले.

मामा उद्या पत्र लिहितो म्हणालेत. आज ते फक्त ऐकतायत. मघाशी मला म्हणाले, "टिल्लू, तू पुटपुटत नाहीस रे. तू तर ओरडतोस."

टिल्लू


१ जुलै

सौ.स,

परवा निघतो. यंत्र कानातच आहे. कानवाले म्हणतात, हळूहळू सवय होईल. सध्या मला माझे स्वतःचे जोडे ऐकू येतात आणि मागून कुणी येतंय म्हणून मी वळून बघतो.

कापसाबद्दल टिल्लूनं सांगितलं. त्यावर लिहायला बसून मी चार कागद फाडले. तू खोटं बोललीस म्हणून रागवावं, असं ठरवून बसलो होतो, पण राग आला तो स्वतःचाच. एवढा मोठा आवाज मला ऐकू आला नाही, तर तुझा तेवढासा आवाज कुठून येणार होता?

मला आठवतं, तू बोलायचीस. ओठ हलताना दिसायचे. पुन्हा विचारायची लाज वाटायची, म्हणून मी अंदाजानं काहीतरी उत्तर द्यायचो. बहुतेक वेळा तू हसायचीस, तेव्हा वाटायचं, बरोबर आलं.

म्हणून आता विचारतो. तू काय काय म्हणत होतीस? आल्यावर मला सगळं ऐकायचं आहे.

तुझाच


३ जुलै

अहो,

हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तुम्ही निघालेले असाल, तर टिल्लू ते पाठवून देईल. पण समोरासमोर मला सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

फार काही म्हणत नव्हते हो. दूध आणा, पंखा कमी करा, असलंच. तो फिल्टर चांगला नाही, हे दिवसा सांगायला जीभ रेटायची नाही. म्हणून सुरुवातीला रोज झोपायच्या वेळी म्हणायचे, "अहो, तेवढा फिल्टर बंद करता का?"

आणि तुम्ही उशीवर मान वळवून माझ्याकडे बघायचात आणि म्हणायचात, "हो गं, मलाही तुझ्याशिवाय करमत नाही."

यावर माणूस पुन्हा काय सांगणार? मी कापूस घातला.

तुमची